धारपांची विज्ञानाची बाजू राहिलीच की
भयकथाकार नारायण धारपांवरचा लेख मस्त जमलाय, पण धारप म्हणजे फक्त भुतंखेतं, दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक समर्थ आणि लुचाई ही भयकादंबरी एवढंच आलंय त्यात. अहो त्यांनी नेनचिमसारखी विज्ञान कादंबरीपण लिहिलीय, साधा उल्लेखही नाही! लुचाई अमेरिकन लेखक स्टीफन किंगच्या १९७५च्या सालेम्स लॉट कादंबरीवरून बेतलेली हे खरंय, म्हणून लगेच कॉपी कॉपी ओरडणारे भेटतात, पण तो वाडा, ते गाव, माणसांचं बोलणं सगळं इतकं आपल्याकडचं वाटतं की रात्री बाथरूमला जायची बोंब. आमच्या लायब्ररीत तर धारपांची पुस्तकं पार खिळखिळी, पानं सेलोटेपने चिकटवलेली, तरी नंबर लागायचा नाही. धारप २००८ला गेले, त्यांच्या कथेवरून सुचलेला २०१८चा तुंबाड सिनेमा बघून आता नवीन पोरं शोधतायत त्यांना. नेनचिम आधी घ्या म्हणावं.