खुलासा : भात-भाकरी बंद करून मॅरेथॉन होत नाही
रंकाळ्यावर पहाटे पळणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय : ‘भात-भाकरी बंद करा, आठवड्यात ३ किलो उतरवा.’ काटा उतरतो, खरं आहे. पण जातं ते बहुतेक पाणी. भात-भाकरीतली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते, ते ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की पाणीही गेलं. आणि ४२.१९५ किलोमीटरचं मुख्य इंधन तर ग्लायकोजेनच! तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचे पाय जड होतात, ते बऱ्याचदा हा साठा आटल्यानं.

७० किलोचा माणूस १० किलोमीटरला सुमारे ७०० कॅलरी जाळतो. परतताना मिसळ, वर जादा कट, जादा पाव... हिशेब तिथंच फिटतो (माझाही फिटलाय). कमी करायचाच तर तांबड्या रश्श्यावरचा तवंग करा, लांब पल्ल्याच्या धावेआधीच्या रात्रीचा भात कमी करू नका. वजन आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुरे, तेही शर्यत जवळ येण्याआधी.