नऊ सामने जिंकलात? मग निघा!

दरवेळी तेच! अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने 2003 मध्ये आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच फ्रँक सोलिचला घालवलं, हंगामात नऊ सामने जिंकूनही. 2014 मध्ये बो पेलिनीला, तोही नऊ जिंकून. (सात वर्षांत एकदाही नऊच्या खाली आला नव्हता बिचारा.) पुढे कोच म्हणून आणला घरचा पोरगा, स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्काच्याच 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू), म्हणजे देवच! निकाल? 16 विजय, 31 पराभव. आणि 2022 मध्ये त्याला काढताना तीन आठवडे दम धरवला नाही. धरला असता तर करार मोडल्याच्या भरपाईचे दीड कोटी डॉलर निम्म्यावर आले असते. कोच तेवढे नालायक, निवडणारे मात्र सोवळ्यात! अरे, टेक्सास-फ्लोरिडातली चांगली खेळणारी पोरं विद्यापीठाच्या गावी, लिंकनच्या थंडीत यायची कशी, ते आधी सांगा की!