आत्याच्या श्रद्धांजली सभेत सांगायचे राहून गेलेले

गेल्या रविवारी आमच्या आत्याची तेरवी झाली. त्या दिवशी समाजमंदिरात श्रद्धांजली सभा भरली होती. "बाईंनी घरादाराकडे पाठ फिरवून आयुष्यभर रुग्णसेवा केली," असे एका वक्त्यांनी सांगितले आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. बोलणाऱ्यांच्या मनात आदरच होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु आम्ही ज्या बाईच्या हाताखाली वाढलो ती अशी नव्हती. तिथे गळा दाटून आल्यामुळे मला हे बोलता आले नाही, म्हणून आज लिहीत आहे.

आत्या भंडारा जिल्ह्यातील एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे प्रसूती आणि लसीकरण पाहणारी परिचारिका होती. सपाट भागात 5000 लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, त्यामुळे तीनचार गावांच्या गरोदर बायका, लहान मुले आणि तापाचे रुग्ण तिच्या एकटीच्या वहीत असत. रोवणीच्या दिवसांत रस्ते चिखलात बुडाले की ती लसींचा डबा खांद्याला अडकवून धानाच्या बांध्यांवरून चालत जाई. पल्स पोलिओची मोहीम 1995 साली सुरू झाली तेव्हापासून एकही फेरी तिने चुकवली नाही, आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले तेव्हा तिने सणावारासारखी पुरणपोळी करून आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावले.

हे सारे सभेत सांगून झाले, आणि ते खरेच आहे. राहिले ते पुढचे.

तिला क्रोशाच्या विणकामाचा विलक्षण नाद होता. दुपारी ओपीडी आटोपली की ती उपकेंद्राच्या ओसरीत बसून तोरणे, रुमाल, बाळांच्या टोप्या विणीत असे. विणताना तिचे ओठ किंचित हलत, कारण ती टाके मोजत असे. माझ्या बायकोच्या पहिल्या खेपेला मी तिला काम करताना अगदी जवळून पाहिले. पोटावर ठेवण्याआधी तिने फीटोस्कोप, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची नळी, बराच वेळ दोन्ही तळहातांत धरून त्याचा गारठा घालवला, मग कान लावून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत बाळाचे ठोके मोजू लागली, आणि तेव्हाही तिचे ओठ तसेच हलत होते. मिनिटाला 120 ते 160 ठोके म्हणजे बाळ ठीक, हे तिने आम्हाला नंतर समजावले. माझ्या मुलीची पहिली टोपी त्याच आठवड्यात विणून झाली.

घराकडे तिने पाठ फिरवली, हे तर मला मुळीच मान्य नाही. आमच्या घराण्यात सोयरीक ठरवताना मुलामुलीची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घेण्याचा नियम तिने घालून दिला. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हे ती सुपारी फुटण्याच्या आधीच वडीलधाऱ्यांसमोर मांडत असे. सुरुवातीला काही सोयरे रुसले. आत्याने त्यांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, पुन्हा तेच सांगितले. उन्हाळ्यात सगळी भाचरे जमली की ती स्वतः रजा टाकून सरगुंडे करायला बसे आणि पिठाची गुंडाळी काडीवरून न मोडता कशी काढायची हे मुलींइतकेच मुलांनाही शिकवी.

आणि नाटके! दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, होळीपर्यंत गावोगाव नाटकांचे प्रयोग होतात. कोणत्या गावी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची कोणती नाटक मंडळी येणार आहे, हे आत्याला आधीच ठाऊक असे. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडायचा आणि पहाटेपर्यंत खेळ चालायचा. मामा आणि आम्ही मुले ताडपत्री व घोंगडी घेऊन तिच्यासोबत जात असू. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचे सत्र असेल तर मात्र ती जात नसे, आणि त्याबद्दल कधी हळहळतही नसे. पाहिलेल्या प्रत्येक नाटकाची नोंद तिने एका दोनशे पानी वहीत ठेवली आहे: नाटकाचे नाव, गाव, सोबत कोण होते, आणि कोणते पद चांगले रंगले.

नर्सला सेवेची मूर्ती ठरवले की तिच्या हौसेची, तिच्या झोपेची, तिच्या पगाराचीही चौकशी करण्याचे कारण उरत नाही, असे मला वाटते. आत्याने कष्ट पुष्कळ उपसले. पण ती मन मारून जगली नाही. रुग्णाचा हात धरण्यात तिला जो जीव होता तोच सुईदोऱ्यात होता, नाटकात होता, आमच्यात होता.

वर्षश्राद्धाला पुन्हा सभा घ्यायचे ठरत आहे. त्या वेळी जे बोलायला उभे राहतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की एकदा आधी घरी येऊन ती वही चाळावी. शेवटची नोंद यंदाच्या मंडईची आहे आणि सोबत कोण होते त्या रकान्यात आमच्या घरातली अकरा नावे आहेत.