घरोघरी कलाश्निकोव्ह

युद्ध लावून द्यायचं ठरवलंय? अभिनंदन! पण एक प्रेमाचा सल्ला, नुसत्या युद्धावर थांबू नका. युद्ध काय, आठ-दहा वर्षांत संपतं. बंदुकीला थोडं तेलपाणी केलं की ती चाळीस वर्षं आरामात चालते आणि तिला रिटायरमेंट नसते. तेव्हा प्लॅनिंग लाँग टर्म करा. अभ्यासाला अफगाणिस्तान घ्या, सगळा सिलॅबस तिथेच कव्हर होतो.

पहिलं म्हणजे बंदूक आपली आहे असं दिसता कामा नये. डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि अमेरिकेला त्यांच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीनचा पुळका आला, पण स्वतःच्या नावाचा माल कोण देतो हो, मग चीन नि इजिप्तकडनं रशियन पद्धतीच्या रायफली घेतल्या, म्हणजे कुणी विचारलंच तर कानावर हात ठेवायला मोकळे. माल कराची बंदरात उतरवायचा आणि पाकिस्तानी गुप्तहेर खात्याच्या, म्हणजे आयएसआयच्या ताब्यात द्यायचा. पुढे कोणाला किती गेलं ते विचारायचं नाही, बरं दिसत नाही ते. आयएसआयने पेशावरमधल्या सात मुजाहिदीन पक्षांना वाटायचं, पक्षांनी आपापल्या कमांडरना, आणि वाटेत ज्याचा हात लागेल त्याने थोडं थोडं काढून घ्यायचं. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि पिठाचं बिल वॉशिंग्टनला.

काढून घेतलेला माल वाया जाईल याचं टेन्शन नको. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदमखेल आहे, तिथले कारागीर ओरिजिनल समोर ठेवून हुबेहूब कॉपी करून देतात, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गिऱ्हाईक तर घरचंच. डिसेंबर १९८६ मध्ये कराचीतल्या कस्बा आणि अलीगढ कॉलनीत कलाश्निकोव्ह, म्हणजे एके-४७, घेऊन टोळ्या घुसल्या आणि माणसं मारत सुटल्या. तिथे औषधालाही रशियन नव्हता.

आता गोदाम. ते भर वस्तीत ठेवा. रावळपिंडी-इस्लामाबादच्या मधोमध ओझरी कॅम्प नावाचं असंच गोदाम होतं, अफगाणिस्तानला जायचा दारूगोळा तिथे रचून ठेवलेला. १० एप्रिल १९८८ ला सकाळी त्याला आग लागली आणि रॉकेटं सुटली ती दोन्ही शहरांवर, रस्त्यात, घरांवर, कुठेही. शंभरच्या आसपास माणसं गेली. एक केंद्रीय मंत्री गाडीतनं चालले होते, त्यांच्या गाडीवरच एक येऊन पडलं, ते जागीच गेले. कुजबुज अशी की हिशेब तपासणी व्हायच्या आत गायब स्टिंगर मिसाईलं झाकायला हे केलं, खरंखोटं देव जाणे. पंतप्रधान जुनेजोंनी चौकशी लावली, मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष झिया साहेबांनी जुनेजोंचं सरकारच घरी पाठवलं, आणि रिपोर्ट आजतागायत बाहेर आलेला नाही. शिका काहीतरी.

स्टिंगर म्हणजे खांद्यावरनं विमान पाडायचं मिसाईल. अमेरिकेने दोन हजारांच्या वर वाटली, मग रशिया गेल्यावर लक्षात आलं की उद्या हे आपल्याच विमानावर आलं तर? मग तीच मिसाईलं परत विकत घ्यायला निघाले, एकेकाला लाख लाख डॉलर मोजून. फुकट दिलेली वस्तू! असा बायबॅक तुमचा मोबाईलवाला तरी देईल का.

ज्यांना वाटतं की हे सगळं तिकडे लांब, त्यांनी आपल्या रायगडात बघावं. जानेवारी १९९३, दिघीला शस्त्रं उतरली आणि ट्रक निघाले. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले, कर्तव्यदक्ष म्हणतात ते हेच, आणि घासाघीस सुरू झाली. तस्करांकडे रोकड नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. पुढच्या महिन्यात शेखाडीला आरडीएक्सबरोबर एके-५६ आल्या, म्हणजे अफगाण युद्धात वाटली होती त्याच चिनी जातीची रायफल. मार्चमध्ये मुंबईत काय झालं ते माहितीये. त्या पोलिसांना पुढे कोर्टाने शिक्षा दिली, पण तुम्ही तेवढं मनावर घेऊ नका.

शेवटचा मुद्दा रजिस्टरचा. ठेवा, पण गिचमिड ठेवा. २००१ नंतर अमेरिकेने अफगाण फौजेला लाखोंनी बंदुका दिल्या, आणि २०१४ मध्ये त्यांच्याच तपासनिसांनी बघितलं तर एका यादीतल्या बंदुकांच्या पावणेपाच लाख नंबरांपैकी ४३ टक्क्यांत काहीतरी माहिती गायब किंवा तोच नंबर दोनदा. वर एके-४७ गरजेपेक्षा ८० हजारांहून जास्त. २०२१ मध्ये तालिबान आले तेव्हा अफगाण फौजेकडचं सुमारे ७ अब्ज डॉलरचं अमेरिकन सामान मागे राहिलं. त्यातल्या एम-४ रायफली आता टीटीपीकडे, म्हणजे पाकिस्तानी तालिबानकडे दिसतात, काश्मीरमध्येही एम-४ सापडतात.

आणि पाकिस्तान सरकार तक्रार करतंय की अमेरिकेने मागे टाकलेल्या बंदुकांनी आमच्यावरच गोळ्या झाडतायत. हसू नका, हे पण शिकायचंय. तक्रार अशीच खणखणीत करायची, फक्त दुसऱ्याच्या मालाबद्दल. कुणी ऐंशीच्या दशकातला विषय काढलाच, तर म्हणायचं, ओझरीचा रिपोर्ट येऊ दे, मग बोलू.