‘तासाचे पैसे आणि पाऊण तासाचा मसाज’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. तुम्ही इथून नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून माफी मागते. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला त्याबद्दलही. खोल दाब दिल्यावर एक-दोन दिवस ठणकू शकतं, हे निघताना सांगायला हवं होतं. पुढचे क्लायंट येऊन बसले होते, घाईत राहून गेलं. चूक माझीच.

पण ‘तासाचे पैसे घेतले, हात पाऊण तासच चालवला, बाकी वेळ नसत्या चौकशीत घालवला’ हे वाक्य मला फार लागलं.

तुमची वेळ ५ ची होती. तुम्ही ५ वाजून ८ मिनिटांनी आलात. उशीर कोणालाही होतो, मी तेव्हाही काही बोलले नाही. आपलं बोलणं ११ मिनिटं झालं. ५.१९ ला मी हात लावला आणि ६.०६ ला थांबले. म्हणजे ४७ मिनिटं. त्यातली सहा तुमची वेळ संपल्यानंतरची होती, पुढच्यांना थांबवून दिलेली. घड्याळ टेबलासमोरच आहे, मी ते बघतच काम करते.

आता ‘नसती चौकशी’. तुम्ही आत मला जे सांगितलंत ते मी इथे लिहिणार नाही, ते माझ्यापाशीच राहील. पण हे प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि त्यातला एकही वेळ काढण्यासाठी नसतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर खोल दाबाने काळेनिळे डाग उठतात. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील, तर दाब जास्त झालेला त्या माणसाला कळतच नाही, मग तो मला थांबवणार कसा? अंगात ताप असेल तर मी त्या दिवशी मालिश करतच नाही. अलीकडे ऑपरेशन झालंय का, पोटात बाळ आहे का, कुठे पुरळ किंवा जखम आहे का, हे माहीत नसताना कोणाच्या अंगाला हात लावायची माझी तयारी नाही. अकरा वर्षांत कधी लावला नाही.

‘पोटरीला हातच लावला नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. आणि त्याच ओळीत तुम्हीच लिहिलंय, की लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत होती, म्हणून तर मसाजला आलात. नेमकं त्याचसाठी मी हात लावला नाही! बराच वेळ बसून राहिल्यावर एकाच पायाला सूज आली, तो दुखायला किंवा गरम लागायला लागला, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तसं असताना पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोका असतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. गुठळी आहे की नाही, हे मी हाताने ओळखू शकत नाही. ते डॉक्टर तपासून आणि सोनोग्राफी करून सांगतात. म्हणून मी नाही म्हटलं आणि तो वेळ पाठ-मानेला दिला. हे तेव्हा बोलले होते, कदाचित तुम्हाला ते टाळाटाळ वाटली असेल.

दाबाबद्दल एकच. ‘जोरच नव्हता’ आणि ‘दुसऱ्या दिवशी खांदा दुखला’ हे दोन्ही एकाच रिव्ह्यूत आहे. दहापैकी किती वाटतंय, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही ‘चालेल’ म्हणालात. माझ्या कामात ‘चालेल’ हा शब्द फार फसवा आहे, लोक दात ओठ खाऊनही चालेल म्हणतात. म्हणून मी श्वासाकडे लक्ष ठेवते. खांद्याच्या फऱ्याच्या, म्हणजे पाठीकडच्या चपट्या हाडाच्या, वरच्या टोकाशी, जिथे मानेतून उतरणारा स्नायू चिकटतो, तिथे दाबल्यावर तुमचा श्वास अडकला, मूठ वळली. तिथे आणखी जोर लावला असता तर स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आणखी आखडला असता, म्हणून हात हलका केला. आणि तो ठणका म्हणजे ‘विषारी द्रव्यं बाहेर पडत होती’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं सांगणं सोपं आहे, ऐकायला बरंही वाटतं, पण त्याला आधार नाही. सवय नसलेला व्यायाम केल्यावर अंग दुखतं, तसंच ते दुखणं.

इथे मी आणि एक मदतनीस, दोघीच आहोत. येणारी माणसं एकमेकांच्या सांगण्यावरून येतात. आज सकाळी एकींनी फोन करून विचारलं, ‘तुम्ही वेळ कमी देता का हो?’ काय उत्तर द्यावं सुचेना.

प्रश्नांचा फॉर्म आधीच फोनवर पाठवता येईल का ते बघते आहे, निघताना नंतर काय काळजी घ्यायची त्याचा कागद द्यायचंही मनात आहे. तुम्हाला राहिलेली १३ मिनिटं हवी असतील तर कधीही या, वेगळे पैसे घेणार नाही. पण पोटरीला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी तेव्हाही हात लावणार नाही.

त्या दिवशी रात्री मी तुम्हाला मेसेज केला होता, पाय दाखवलात का म्हणून. त्याचं उत्तर आलं नाही. अजून दाखवला नसेल तर कृपा करून आजच दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, सरळ हॉस्पिटलला जा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते एका ओळीत कळवा. रिव्ह्यू बदलला नाहीत तरी चालेल.