मोठा कंडेन्सर लावल्याने मोटारीची ताकद वाढत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला जोरात फिरतो आहे: "व्होल्टेज कमी असल्यामुळे पाण्याची मोटार ओढत नसेल, तर ३६ एमएफडीच्या जागी ५० चा कंडेन्सर लावा. मोटार जोरात पळेल, बिलही कमी येईल. फॅन, मिक्सर, कशालाही चालतं." (एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरॅड, कंडेन्सरची क्षमता मोजायचं एकक.) हा सल्ला मानला तर वायंडिंग, म्हणजे मोटारीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळू शकतं. म्हणून त्यातला एकेक दावा पाहू.

"मोटार जोरात पळेल." घरच्या पंपाची मोटार इंडक्शन प्रकारची असते. तिचा वेग विजेची वारंवारिता आणि पोलची (वायंडिंगने तयार होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांची) संख्या यांवर ठरतो. ५० हर्ट्‌झवर दोन पोलच्या मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या जरा मागे, २८०० च्या आसपास फिरतो. कंडेन्सर कितीही मोठा असो, ३००० ची हद्द ओलांडता येत नाही.

मग कंडेन्सर करतो काय? सिंगल फेजवर एकट्या मुख्य वायंडिंगचं क्षेत्र कमीजास्त होतं, दिशा उलटते, पण फिरत नाही. मोटार नुसती गुणगुणत राहते. म्हणून दुसरं वायंडिंग असतं. त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेला कंडेन्सर त्यातला प्रवाह मुख्य प्रवाहाच्या पुढे काढतो आणि दोन्ही मिळून फिरतं क्षेत्र तयार करतात. कंडेन्सरचा आकडा कारखान्यात त्या वायंडिंगची तार आणि वेढे धरूनच ठरवलेला असतो. ३६ चा ५० केलात, तर त्यातला प्रवाह ढोबळमानाने १.४ पट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सुरू होताना जोर थोडा जास्त मिळतो, हे खरं. पण त्यानंतर मोटार चालू असेपर्यंत तारेवरचं इनॅमल (विजेपासून वेगळं ठेवणारा लेप) भाजत राहतं आणि एक दिवस वेढे आपसात शॉर्ट होतात.

लोकांना फरक जाणवतो, त्याचं कारण बहुधा वेगळंच असतं. जुना कंडेन्सर उतरलेला असतो: छापील ३६, प्रत्यक्षात २४. त्या जागी नवा ३६ चा लावला असता तरी मोटार तितकीच सुधारली असती. २.५ एमएफडीवर चालणारा छताचा पंखा मंदावतो, तोही बहुतेक वेळा याच कारणाने.

"कमी व्होल्टेजवर उपाय." इंडक्शन मोटारीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. २३० चे १८० व्होल्ट झाले की टॉर्क ६१ टक्क्यांवर येतो. पंपाला लागणारा जोर मात्र फारसा कमी होत नाही, म्हणून मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तापते. अशा तापलेल्या मोटारीत मोठा कंडेन्सर आणखी उष्णता घालतो. आधी पंप चालू असताना मीटरजवळ आणि पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत मोठा फरक असेल तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

"बिल कमी येईल." घरगुती बिल युनिटवर येतं आणि हा कंडेन्सर युनिट वाचवत नाही. महावितरण शेतकऱ्यांना कृषिपंपाला कपॅसिटर (कंडेन्सरचंच दुसरं नाव) बसवायला सांगतं, तो वेगळा. तो थ्री फेज मोटारीला समांतर जोडतात, केव्हीएआर या एककात मोजतात (५ एचपीला साधारण २), आणि त्याने लाइनवरचा प्रवाह कमी होऊन रोहित्रावरचा भार हलका होतो.

"कशालाही चालतं." मिक्सरमध्ये कार्बन ब्रश आणि कम्युटेटरची युनिव्हर्सल मोटार असते, तिला रनिंग कंडेन्सर (मोटार चालू असेपर्यंत जोडलेला राहणारा) लागतच नाही. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या) पंख्याच्या रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि फिरतं क्षेत्र सर्किट बनवतं, त्यामुळे तिथेही हा प्रश्न उद्भवत नाही. खरा धोका बोअरच्या पॅनलमध्ये आहे. तिथला १००-१२० एमएफडीचा स्टार्टिंग कंडेन्सर दोन-तीन सेकंदांपुरता असतो. "मोठा तो चांगला" म्हणून तो रनिंगच्या जागी जोडला, तर काही मिनिटांत तापून फुटतो.

तपासायचं असेल तर मेन स्विच बंद करा. कंडेन्सरच्या दोन टोकांना जुना फिलामेंटचा १०० वॉटचा बल्ब काही सेकंद जोडून त्यातली वीज उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. मग एक वायर सोडवून मल्टिमीटरवर एमएफडी मोजा. ३६ चा कंडेन्सर ३४ ते ३८ दाखवत असेल तर तो ठीक आहे. त्यापेक्षा उतरला असेल, तर त्याच आकड्याचा, ४४० व्होल्टचा नवा लावा. त्यानंतर क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) अँपिअर पाहा. नेमप्लेटपेक्षा जास्त आले, तर दोष बेअरिंग, अडकलेला इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक), व्होल्टेज किंवा वायंडिंग यांपैकी कशाततरी आहे.