बॅटरीचं कौतुक पुरे, आधी टेप लावा

महाराष्ट्रात महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांवरून चालणारा वाद मी इथून, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून, नेमानं वाचतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या ई-गाड्यांना सहा टक्के मोटार वाहन कर लावायचं ठरलं आणि महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागेही घेतला. श्रीमंतांच्या गाड्यांना सवलत कशाला, असं एका बाजूचं म्हणणं. धूर न सोडणाऱ्या गाडीला दंड का, असं दुसरीचं. मग मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणीच करायची नाही, आणि वाद पुन्हा पेटला. किमतीवर बोलून झालं, धुरावर झालं, जागा आहे की नाही यावर झालं. गाडी रुंद किती, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझा पुण्यातला मामेभाऊही विचारत नाही. जून २०२५ मध्ये हॅरियर ईव्ही आली, तिच्यात पुढं एक आणि मागं एक अशा दोन मोटरी असलेलं मॉडेल निघालं, तेव्हापासून त्याचा ध्यास एकच. "दादा, तू तर त्या गाड्यांच्या देशात राहतोस, सांग ना, अशी गाडी डोंगरात चालते का?" चालते. झकास चालते. पण तिच्या रुंदीचं इथं काय होतं, तेही त्याला ऐकावं लागलं.

इथली जुनी घरं म्हणजे एका गाडीचं गॅरेज आणि त्याला आठ फुटी दार, म्हणजे २.४४ मीटर. नव्या घरांत नऊ फुटी असतं. माझ्या शेजाऱ्याचं घर १९६० च्या दशकातलं आणि गाडी रिव्हियन या अमेरिकी कंपनीची विजेवरची आर१एस. ही गाडी आरसे मिटून साधारण २ मीटर ८ सेंटिमीटर भरते, आरसे उघडले की २.२ मीटर. म्हणजे आरसे मिटले तर दारात दोन्हीकडं वीतभरही जागा उरत नाही. संध्याकाळी गाडी आत घेण्याचा त्याचा सोहळा मी कुंपणावरून पाहतो. आधी बायको-मुलांना बाहेर उतरवायचं. आरसे मिटायचे. मग छताला दोरीनं टांगलेला टेनिसचा चेंडू समोरच्या काचेला टेकेपर्यंत गोगलगायीच्या गतीनं पुढं सरकायचं. चेंडू टेकला की थांबायचं, कारण पुढं पाणी तापवायची टाकी आहे. डाव्या भिंतीवरच्या सायकली आणि बर्फ ओढायची फावडी त्यानं केव्हाच परसातल्या शेडमध्ये हलवली. तरी दार उघडतं ते एवढंच, की पोट आत ओढून माणूस कडेनं निसटावा.

लोक म्हणतील, ठेव की बाहेर. पेट्रोलची गाडी बाहेर झोपली तर काही बिघडत नाही, इथले निम्मे गॅरेज तसेही अडगळीनंच भरलेले असतात. पण विजेच्या गाडीचा चार्जर बहुतेकांनी गॅरेजच्या भिंतीवरच बसवलेला असतो, आणि डेन्व्हरच्या जानेवारीत बाहेर गारठलेली बॅटरी सकाळी कमी पल्ला देते. म्हणजे जिला गॅरेजची गरज जास्त, तीच गाडी गॅरेजात मावायला नको म्हणते.

आणि आर१एस ही तरी बेताची. जीएमसीच्या हमर ईव्हीची रुंदी आरसे धरून २.३८ मीटर आहे. आठ फुटी दारातून ती न्यायची तर एकेका बाजूला तीन सेंटिमीटर. हा खेळ कुणी खेळू नये. अमेरिकी नियमानुसार आरसे सोडून ऐंशी इंच किंवा त्याहून रुंद असलेल्या वाहनाला पुढं पिवळे आणि मागं लाल असे जादा दिवे लावावे लागतात, ट्रकना असतात तसे. हमरला ते आहेत. आर१एसचं अंग ७९.३ इंचांचं आहे. रेष कुठं आहे हे कंपनीला पक्कं ठाऊक असणार.

आता डोंगर. युटामधल्या मोआबला गेलात तर रुंद गाडीची मजा येते. तिथं 'हेल्स रिव्हेंज'सारख्या वाटांवर उघडी, गुळगुळीत दगडांची पठारं आहेत. डावी-उजवी चाकं एकमेकांपासून जितकी लांब तितकी गाडी तिरप्या उतारावर निर्धास्त. शेजाऱ्याच्या गाडीत बसून मी ते अनुभवलं आहे. क्लच जाळण्याचा प्रश्न नाही, गियर शोधायचा नाही. पायाच्या अंगठ्याइतका दाब वाढवला की गाडी बोटभर पुढं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळं टायरखालचा खडा सुटतो तोही ऐकू येतो आणि त्यावरून पकड कळते. जमिनीपासून पोटापर्यंतची उंची ३८ सेंटिमीटरपर्यंत वाढवता येते, मीटरभर पाण्यातून ती जाते. यातलं काहीही डिझेलवाल्याला इतक्या सहज जमत नाही, हे मी डिझेलचा जुना भक्त असूनही मान्य करतो.

पण कोलोरॅडोतल्या सान हुआन डोंगरांतल्या बऱ्याच वाटा एकोणिसाव्या शतकात खाणींसाठी पाडल्या गेल्या, खेचरं आणि घोडागाड्या जातील एवढ्या रुंद. एकीकडं कडा, दुसरीकडं दरी. टेल्युराइडच्या डोक्यावरची ब्लॅक बेअर पास ही वाट तर वरून खाली एकेरीच आहे, आणि तिची वळणं अशी की लांब गाडीला एका झटक्यात घेता येत नाहीत. पुढं-मागं करत वळावं लागतं, मागचं चाक दरीच्या तोंडाशी. दुतर्फा वाटांवर समोरून कुणी आलं तर उतरणाऱ्यानं मागं जाऊन जागा द्यायची, असा रिवाज आहे. इथं रुंद गाडीवाल्याची गंमत संपते. बाजूला व्हायची जी बगल जीप रँग्लरला पुरते (रुंदी १.८८ मीटर), ती त्याला पुरत नाही, मग तो पुढची बगल येईपर्यंत उलटा जातो. सोबतीला बसलेला माणूस खाली उतरून हातानं खुणा करत चालतो. झुडपांचे ओरखडे दोन्ही बाजूंनी बसतात ते वेगळेच. आणि वनखात्याच्या काही वाटा पन्नास इंचांहून रुंद कशालाच खुल्या नसतात.

ज्या विलीज जीपपासून हे सगळं वेड सुरू झालं, ती १.५७ मीटर रुंद होती.

मग या गाड्या एवढ्या रुंद का? पल्ला जास्त हवा म्हणून बॅटरी मोठी, बॅटरी मोठी म्हणून ती फरशीखाली चटईसारखी पसरायची, तिच्या दोन्ही बाजूंना धक्का झेलणाऱ्या जाड पट्ट्या, वर तीन ओळींची बैठक. वजन तीन टनांच्या पुढं जातं. यात मला न पटणारी एक गोष्ट आहे. उंच गाडी उलटू नये म्हणून रुंद करावी लागते, हे जुनं कारण होतं आणि खरं होतं. पण बॅटरीनं शेकडो किलो वजन थेट तळाशी आणून ठेवलं. गाडीचा गुरुत्वमध्य खाली गेला. म्हणजे विजेवर अरुंद आणि तरीही न कलंडणारी गाडी बनवणं आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. ती संधी सोडून सगळे रुंदीच्या मागं लागले. रिव्हियनचीच पुढची गाडी, आर२, १.९ मीटरवर आली आहे. पण तीही अरुंद म्हणता येणार नाही.

आता घरी येऊ. हॅरियर ईव्हीची रुंदी आरसे धरून २.१३ मीटर. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, दोन्हींचं अंग १.९ मीटरचं. मर्सिडीजची इलेक्ट्रिक जी-क्लास जानेवारी २०२५ मध्ये तीन कोटींना आली, तिचंही अंग तेवढंच आणि वजन तीन टन. आपल्याकडं इमारतीत गाडीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. कागदावर अडीच मीटर, प्रत्यक्षात एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला जोशीकाकांची गाडी. १.९ मीटरची गाडी मधोमध उभी राहिली तर दोन्हीकडं तीस-तीस सेंटिमीटर. काकांनीही तशीच गाडी घेतली की दोघांनी मिळून साठ सेंटिमीटरमध्ये दार उघडायचं, आणि काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या चढवायची सोय, असेल तर पाळण्याची रुंदी आणि वजनाची मर्यादा दोन्ही तपासावी लागतात. छोट्या गाड्यांसाठी बसवलेल्या पाळण्यावर सव्वादोन टनांची गाडी चढवण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलेलं बरं. सेक्रेटरीला बहुधा माहीत नसतं. पाळण्याच्या खांबावरची पाटी वाचा.

गावाकडची गोष्ट त्याहून अवघड. कोकणात दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मधून वाट, तिथं गडगा सरकत नाही. घाटमाथ्यावरच्या पाणंदी शेतकऱ्यांनी दोन्हीकडून कोरत कोरत बैलगाडीपुरत्या ठेवल्या आहेत. सरकारनं २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत असं ठरवलं खरं, पण ते बांधावर उतरायला किती वर्षं लागतील, हे ज्यांनी तलाठ्याकडं खेटे घातलेत त्यांना सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, एसटी जाते ना त्याच रस्त्यानं!" जाते. एसटी ह्या गाडीहून रुंदच असते. पण ती ठरलेल्या रस्त्यानं जाते, तिचा ड्रायव्हर आयुष्यभर तेच करतो, आणि एसटी आली की अख्खा गाव बाजूला होतो. आपल्या गाडीसाठी कुणी म्हैस हलवत नाही.

सह्याद्रीतल्या ऑफरोडिंगचं, म्हणजे रस्ता सोडून गाडी घालण्याचं, मला खरं तर जास्त भय वाटतं. पावसाळ्यात सड्यांवर जी फुलं येतात, ती जांभ्या खडकावर साचलेल्या बोटभर मातीत. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं म्हणून तिथं पहारा आहे. बाकीच्या सड्यांना नाही. जीपचा माग दिसला की तीच वाट, असा आपला रिवाज. त्यावर तीन टनांची गाडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली तर खाली काय उरेल? मर्सिडीजच्या त्या गाडीत अशी गिरकीची सोय आहे. रिव्हियननंही जाहीर केली होती, नंतर बाजूला ठेवली. वाटा उखडतील ही चिंता त्यामागं होती. मोआबजवळ २०२३ मध्ये सरकारी भूव्यवस्थापन खात्यानं ३१७ मैल वाटा वाहनांना बंद केल्या. ऑफरोडवाले चिडले, कोर्टात गेले. मला त्यांचा राग कळतो, पण निदान तिथं नकाशा होता, कुठली वाट खुली आणि कुठली बंद ते लिहिलेलं होतं, म्हणून भांडता तरी आलं.

आपली करव्यवस्था या सगळ्यात काय मोजते? लांबी. चार मीटरच्या आत आणि इंजिन छोटं असेल तर सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के जीएसटी, वर गेलात तर चाळीस. रुंदीची रेष कुठंच नाही. आणि गाडी विजेवरची असेल तर लांबी, रुंदी, वजन काहीही असो, पाच टक्के. राज्याच्या २०२५ च्या धोरणात वर टोलमाफी आहे. विजेला सवलत असावी, याबद्दल माझा वाद नाही. पण तीन टनांच्या तीन कोटींच्या गाडीला आणि शहरातल्या छोट्या ई-गाडीला एकाच पाच टक्क्यांत बसवणं, हे जरा जास्तच समतावादी झालं.

पार्किंगच्या दाखल्याचे समर्थक जपानचं नाव घेतात. बरोबर आहे, जपाननं हा कायदा १९६२ मध्येच केला. पण जपान रुंदीही मोजतो, हे सांगायचं राहून जातं. तिथल्या 'केई' वर्गात बसायचं तर गाडी १.४८ मीटरहून रुंद चालत नाही, आणि त्यावरच्या छोट्या वर्गाची सीमा १.७ मीटर. सुझुकी जिम्नी त्या केई वर्गातच जन्मली; भारतात २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नीसुद्धा १.६४५ मीटरचीच आहे आणि ब्लॅक बेअरवर माझ्या शेजाऱ्यापेक्षा आधी खाली पोचेल. मंत्र्यांनी दाखला आणायचाच असेल तर त्यावर जागेची आणि गाडीची रुंदी शेजारी-शेजारी लिहायला लावावी. नुसता 'जागा आहे' असा शिक्का सोसायटी शंभर लोकांना देईल.

महिंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये केपटाउनला थार.ई या इलेक्ट्रिक थारचं प्रारूप दाखवलं होतं. ती बाजारात येईल तेव्हा पावणेदोन मीटरांत बसली, पल्ला थोडा कमी निघाला तरी, मी पहिला कौतुक करीन. तीनशे किलोमीटर पल्ल्यात पुण्याहून ताम्हिणी उतरून परत येता येतं. त्याहून लांब जायचं तर वाटेत जेवायला आपण थांबतोच.

मामेभावाला मी गाडी घे किंवा नको यातलं काहीच सांगितलं नाही, नुसता टेप घेऊन बेसमेंटमध्ये पाठवला. त्याची जागा खांबापासून खांबापर्यंत २ मीटर ३५ भरली, वर एका खांबाला अग्निशमनाचा लाल पाइप. दोन दिवस तो बोलला नाही. परवा फोन आला, "दादा, जिम्नीची टेस्ट ड्राइव्ह लावलीये." म्हणजे विजेची हौस असलेला माणूस रुंदीपायी पेट्रोलकडं वळला, आणि वहिनी म्हणते आहे की मग विजेवरची छोटी मला घ्या.